पाठीवरची गाठ

मथुरेच्या बाळाला आठवा दिवस लागला आणि घरात एकच खल सुरू झाला, त्याला गडावर न्यायचं कशातून? त्याच्या आईला न्यायचं की नाही, ते कुणी विचारलंसुद्धा नाही.

पानिपताला दोन वर्षं झाली होती. पुणं जरा कुठे सावरतंय तोच भागानगरचा मोगल, म्हणजे निजाम, फौज घेऊन निघाल्याची बातमी आली आणि ऐन वैशाखात पेठा रिकाम्या व्हायला लागल्या. मिळेल त्या वाहनात बसून लोक सिंहगडाकडे, लोहगडाकडे पळत होते. मथुरेचे सासरे आप्पासाहेब हे सरकारी दप्तरातले कारकून. दप्तराचे रुमाल सिंहगडावर पोचवायचे म्हणून त्यांना एक बैलगाडी मिळाली होती. कागदांनी ठासून भरलेले ते गाठोड्यांएवढे रुमाल गाडीत रचल्यावर, गाडीवान भैरूला सोडून, दोन माणसांपुरती जागा उरत होती. एक आप्पासाहेब, त्यांचे गुडघे वाताने धरलेले. दुसऱ्या त्यांच्या पत्नी द्वारकाबाई. आणि द्वारकाबाईंच्या मांडीवर नातू. झालं, ठरलं.

मथुरेचं काय? ती ओली बाळंतीण, गाडीचे हिसके तिला सोसायचे नाहीत. शिवाय दहा दिवसांची सोयर. तोवर तिला कुणी शिवायचं नाही, शिवलं तर न्हायचं. आणि सून सासऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसणार कशी? अहो, लग्नाला नऊ वर्षं झाली तरी तिने आप्पासाहेबांचा चेहरा धड पाहिला नव्हता. तेव्हा ती मागे सुईणीजवळ राहील आणि सोयर फिटली की कुणाबरोबर तरी येईल. हे ‘कुणाबरोबर तरी’ आप्पासाहेब इतक्या सहज म्हणाले, की जणू उभं गाव तिच्यासाठी खोळंबून बसणार होतं! नवरा श्रीधर फौजेबरोबर तिकडे कर्नाटकात, त्याला मुलगा झाल्याचंही अजून माहीत नव्हतं. मग तिच्या बाजूने बोलणार कोण?

ती हे सगळं दाराआडून ऐकत होती. बाळंतिणीच्या खोलीला एकच खिडकी आणि तीही वारा लागू नये म्हणून चिंध्यांनी बुजवलेली. बाजेखाली शेगडी. वैशाखात शेगडी, बरं का! ओव्याच्या धुराने डोळे चुरचुरायचे, घामाने लुगडं अंगाला चिकटायचं आणि दार फक्त बाहेरून उघडायचं. आठ दिवस तिने आभाळ पाहिलं नव्हतं. गल्लीतून रोज गाड्यांचे आवाज यायचे. दोन दिवसांपासून तेही थांबले होते. कोण गेलं, कोण उरलं, तिला काही कळत नव्हतं आणि कुणी सांगायच्या फंदात पडत नव्हतं.

दूध? त्याचीही सोय आप्पासाहेबांनी बोलून टाकली होती. गडावर एखादी पाजणारी मिळेल, नाही मिळाली तर गाईचं दूध कापसाच्या बोळ्याने घालता येईल. आठ दिवसांच्या पोराला! मथुरेने दाराआडून हे ऐकलं. पोर रस्त्यात उपाशी रडेल, रडून रडून गळून जाईल आणि आपण इथे दुधाने फुटत बसू, हे तिला लख्ख दिसलं. पण दाराआडून ओरडून ते सांगायची तिची छाती नव्हती. सुनेने सासऱ्यापुढे तोंड उघडलेलं त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

आता एकच आशा होती. पोराला आईवेगळं नेण्यासारखं साधनच मिळालं नाही तर? मग झक मारत तिलाही न्यावं लागेल. म्हणून अंगणात एकेक प्रकार तपासला जायला लागला, तशी ती दाराच्या फटीला डोळा लावून बसली.

पहिला आला पाळणा. आप्पासाहेबांचं म्हणणं, आहे तो पाळणा गाडीत ठेवा आणि त्यात पोराला निजवा, उगाच डोकेफोड कशाला? द्वारकाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. बाराव्या दिवशी बारसं, त्याआधी पाळण्यात घालायची त्या घरात रीत नव्हती. "पाळण्याचे लोखंडी आकडे रुमालांना लागले तर रुमाल फाटतील," असं मात्र त्या मोठ्याने म्हणाल्या. पाळणा लगेच परत माळ्यावर गेला. सासूबाई कोणाला कशाने हलवायचं ते बरोबर ओळखून होत्या, आणि मथुरेला त्यांची भीती वाटायची ती ह्याचमुळे.

मग झोळी. गाडीवरच्या बांबूच्या तट्ट्याच्या कमानीला धोतर बांधून झोळी करायची, असं भैरूने सुचवलं. त्याच्या घरची सगळी पोरं झोळीतच वाढली होती. पण सुईण बायडाबाई अंगणातच होती, तिने तिथल्या तिथे मोडता घातला. ती पाषाण गावची, चाळीस वर्षांत तिच्या हातून अर्ध्या पेठेची पोरं जन्मली होती. ती म्हणाली, महिन्या-दोन महिन्यांच्या पोराला झोळी ठीक, आठ दिवसांच्याला नाही. झोळीत अंग दुमडतं, मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते. "पोर निजल्यावानी दिसतं. श्वास कवा बंद झाला, कळत बी न्हाई." भैरूने धोतर परत घडी करून ठेवलं. मथुरा मनातल्या मनात बायडाबाईच्या पाया पडली.

आणि मग आली टोपली. गाव सोडून निघालेल्या बुरुडाला द्वारकाबाईंनी त्याच्या दारात अडवलं होतं आणि समोर बसून ती विणून घेतली होती. लांबट, सपाट बुडाची, चारी बाजूंनी वीतभर उंच काठाची. त्या टोपलीची त्यांनी काय परीक्षा पाहिली म्हणता! पायलीभर जोंधळे भरून उचलून पाहिली. जुनं रेशमी फडकं आतून सगळीकडे फिरवलं आणि जिथे धागा अडकला तिथली कूस काचेने घासून काढली. तळाशी घट्ट गोधडी घातली, मऊ गादी घालू दिली नाही, कारण गादीत पोराचं तोंड रुततं. झाकण नको म्हणाल्या, वर पातळ धोतराचं छत केलं. मग बायडाबाईला म्हणाल्या, बघ बाई, काय खोट काढायची ती काढ.

आत मथुरा दाराला चिकटली. काढ ना खोट, काढ ना गं बाई, असं ती दाराला ओठ लावून पुटपुटत होती. बायडाबाईने टोपली उचलली, हलवली, हात घालून दाबून पाहिली, विणीतून वारा येतो का ते गाल लावून पाहिलं. आणि खाली ठेवून म्हणाली, "टोपली चांगली हाय."

बाई प्रामाणिक होती, आता त्याला कोण काय करणार! टोपली आत आणून पोराला तिच्यात ठेवायला सांगितलं. मथुरेने ठेवलं. ते रडेल, हातपाय झाडेल, निदान तोंड तरी वाकडं करेल, असं तिला वाटत होतं. ते लबाड एक जांभई देऊन ढाराढूर झोपलं. आठ दिवसांत इतकं शांत ते तिच्या कुशीतसुद्धा निजलं नव्हतं. मथुरेला त्याचा असा राग आला, की तिचं तिलाच रडू फुटलं. टोपली जितकी चांगली, तितकी आई नको होणार होती. सगळ्या घराने मिळून बाळासाठी उत्तम ते निवडलं होतं आणि तिला त्यातून वजा केलं होतं.

त्या दिवशी दुपारी बायडाबाई तिचं अंग चोळायला आत आली. उद्या उजाडताच गाडी निघायची होती. मथुरेने तिचा हात धरला तो सोडलाच नाही. टोपली मोडून टाकू का, असं तिने विचारलं. बायडाबाई म्हणाली, मोडून काय होणार, मग मांडीवर नेतील. पोर कशात आहे ह्याला महत्त्व नाही, ते तुझ्यापासून सुटं होतं ह्याला आहे. मग जरा वेळ तेल चोळत राहिली आणि म्हणाली, आमच्या बाया रानात जाताना बांधतात तसं बांधलं तर सुटं होत नाही.

आणि तिने दाखवलं. मथुरेचं एक जुनेर, धुऊन धुऊन मऊ झालेलं, उभं फाडून तिने लांब पट्टा केला. पोर छातीशी उभं धरायचं, गुडघे बेडकासारखे वर आणि बूड खाली. पट्टा त्याच्या पाठीवरून मानेपर्यंत घ्यायचा, दोन्ही खांद्यांवरून मागे नेऊन पाठीवर तिढा घालायचा, पुढे आणून बुडाखालून ओढायचा, पुन्हा मागे न्यायचा आणि गाठ मारायची. घट्ट, पण हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकी जागा ठेवून. नाक मोकळं, तोंड तुला दिसेल असं. पदर तोंडावर येऊ द्यायचा नाही. दूध पाजायलासुद्धा सोडावं लागत नाही, जरा खाली सरकवलं की झालं. पोराने तिच्या छातीवर गाल टेकला आणि त्याचा श्वास तिच्या कातडीला लागला. ही गाठ पाठीवर बांधून दे, असं ती म्हणाली. माझा हात पोचणार नाही अशा जागी.

बायडाबाई घाबरली. मला जोड्याने मारतील, म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या वेळेला ती आली, पोराला न्हाऊ घातलं, बांधून दिलं, मथुरेच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि मागल्या दाराने पाषाणच्या वाटेला लागली. जाताना खोलीचं दार तिने लोटून घेतलं नाही.

आठ दिवसांनी मथुरा उंबऱ्यात येऊन उभी राहिली. उजेडाने तिला भोवळ आल्यासारखं झालं. अंगणात गाडी भरून तयार होती, टोपली जोत्यावर ठेवलेली. तिला पाहताच आप्पासाहेबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, तशी रीतच होती. भैरू बैलांच्या मागे सरकला. आप्पासाहेबांनी भिंतीला उद्देशून सांगितलं, की मूल टोपलीत ठेवायला सांगा, उन्हं चढतील.

मथुरेने पोराच्या पाठीवर हात ठेवला. ती सासऱ्यांशी बोलली नाही, सासूबाईंकडे पाहून बोलली, पण अंगणभर ऐकू जाईल असं.

"मी सोडणार नाही. हवं असेल तर मला शिवा आणि सोडवून घ्या."

अंगणात सगळे जागच्या जागी थिजले. सुनेला पुरुष हात लावणार नव्हता. गाडीवान तर नाहीच नाही. आठ दिवस ज्या सोयरीने तिला कोंडलं होतं, तीच आता तिच्याभोवती कुंपण होऊन उभी होती. ते तिला कळलं आणि क्षणभर तिला हसू येईल की काय असं वाटलं. पण कुंपणाला एक फट होती. सासूबाई शिवू शकत होत्या. शिवायचं आणि न्हायचं, बस्स. आणि आप्पासाहेबांनी तेच सांगितलं. सोडवा म्हणाले, मग अंघोळ करा, थांबतो आम्ही.

द्वारकाबाई पुढे आल्या. चेहऱ्यावर रेष हलली नाही. त्या मथुरेच्या मागे गेल्या आणि त्यांची बोटं पाठीवरच्या गाठीला लागली. मथुरेने दोन्ही हातांनी पोराला घट्ट धरलं आणि डोळे मिटले. पट्टा ओढला गेला. पुन्हा ओढला गेला. खांद्यात काचला. आता सैल पडेल, आता पोर खाली सरकेल, ह्या धास्तीने ती "सासूबाई, नको हो," एवढंच परत परत म्हणत होती. सासूबाईंचे श्वास तिच्या मानेवर पडत होते. बराच वेळ त्या खटपट करत राहिल्या.

मग त्या बाजूला झाल्या.

"सुटत नाही," त्या म्हणाल्या. "मेल्या सुईणीने काय बांधून ठेवलंय. न्या आता जोडीनेच."

आप्पासाहेब भिंतीशी पुटपुटले, कापा मग. द्वारकाबाई म्हणाल्या, सुरी-कात्र्या काल मीच गाठोड्यात घालून रुमालांच्या तळाशी रचल्यात, उपसायची आहेत का गाठोडी? आप्पासाहेबांनी मग जागेची अडचण काढली. जागेचं काय, त्या म्हणाल्या, माझ्या जागेवर हिला बसवा, तुम्ही पुढे भैरूजवळ पाठ करून बसा. मला शिवाशिव झालीय, न्हायला हवं, तुम्ही कशाला खोळंबता? शेजारच्या श्यामलाबाईंची गाडी दुपारी निघणार आहे, मी त्यांच्याबरोबर येते. आप्पासाहेबांनी मान डोलावली. शेजारी कोण राहतं आणि कधी निघतं, ही माहिती दप्तरात लिहिलेली नसल्यामुळे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

टोपलीत द्वारकाबाईंनी डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, लंगोटांची चळत आणि पाण्याचा तांब्या भरला आणि ती मथुरेच्या पायांशी ठेवली. मथुरेकडे त्यांनी पाहिलं नाही. मथुरेला वाटलं, रागावल्या. रागावू देत! आपण जिंकलो, एवढं तिला पुरे होतं. गाडी हलली तेव्हा सासूबाई विहिरीकडे जात होत्या, घाईत नव्हत्या.

दिवसभर वैशाखाचं ऊन तट्ट्यावर तापत होतं. दोन्ही बाजूंना रुमाल, समोर सासऱ्यांची पाठ, मथुरेला पाय पसरायला वीतभर जागा नव्हती. पाठीवरची गाठ टोचत होती, पट्टा खांद्यात रुतला होता, कंबर मोडून आली होती. आणि सोडवायला कुणी नव्हतं. सासरे शिवणार नाहीत, भैरू शिवणार नाही, तिचा हात पोचत नाही. तिनेच असं बांधून मागितलं होतं, आता सांगणार कुणाला? पोर मात्र पोटभर पीत होतं आणि निजत होतं. दर थोड्या वेळाने ती दोन बोटं त्याच्या हनुवटीखाली घालून पाहायची. धायरी मागे पडली, खडकवासल्याची झाडी आली, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक दगडाला ती सासूबाईंना मनात टोमणे मारत होती. ओढून ओढून गाठ आणखी आवळून ठेवली, सोडवता आली नाही तर निदान नासवायची तरी नव्हती.

गडाच्या पायथ्याशी गाडी थांबली. आप्पासाहेबांना डोली मिळाली, रुमालांना हमाल मिळाले. मथुरा चालत चढली. दोन्ही हात मोकळे होते म्हणून दगडाला, झुडपाला धरता आलं, नाहीतर ती पहिल्या वळणालाच बसली असती. दर दहा पावलांवर थांबायची, पोराचं तोंड पाहायची, पुन्हा चढायची. दरवाजातून आत शिरली तेव्हा उन्हं कलली होती आणि तिला डोळ्यांपुढे काही नीट दिसत नव्हतं.

कुणीतरी तिला हाताला धरून पानांनी शाकारलेल्या एका झापाखाली बसवलं, पाणी दिलं. "अहो, मला शिवू नका, सोयर आहे," ती म्हणाली. ती बाई म्हणाली, गडावर कसली आलीय सोयर, चार दिवस झाले, एका झापाखाली वीस माणसं निजतोय. आवाज ओळखीचा होता. मथुरेने वर पाहिलं. शेजारच्या श्यामलाबाई.

मथुरा त्यांच्याकडे बघतच राहिली.

"तुम्ही आज दुपारी निघणार होतात ना?"

"आज? आम्ही शुक्रवारीच आलो. तुझ्या सासूबाईच आल्या होत्या की पोचवायला वेशीपर्यंत. कुठे आहेत त्या?"

मथुरेने मागे वळून खालच्या वाटेकडे पाहिलं. श्यामलाबाई तिच्या मागे बसल्या आणि गाठीला हात घातला. काही वेळ त्या चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे कुणी बांधलंय गं? खाली एक साधी गाठ आहे, ती सुटण्याजोगी आहे. पण तिच्यावर तीन मारल्यात, एकीवर एक, जीव खाऊन ओढलेल्या. थांब, कापते."

"कापू नका," मथुरा म्हणाली.

श्यामलाबाईंनी कारण विचारलं नाही. त्या नखांनी, दातांनी एकेक पदर सैल करत बसल्या. आप्पासाहेब पलीकडे रुमाल मोजून घेत होते आणि एक कमी भरतोय म्हणून हमालांवर ओरडत होते. मथुरा छातीवरच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून पुण्याच्या दिशेला पाहत होती. तिथे आभाळाच्या कडेला धूर दिसायला लागला होता. पहिली गाठ सुटली.